बारावीनंतर सैन्यात अधिकारी व्हायचंय? या चुका टाळा

आधी एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशाची लेखी, मग एसएसबी म्हणजे निवड मंडळाच्या चाचण्या आणि मुलाखत, शेवटी मेडिकल. निवडीचा क्रम असा आहे म्हणून पोरं तयारीही त्याच क्रमाने करतात, आणि सगळ्यात महागडी चूक इथेच होते. दोन वर्षं क्लास लावायचा, लेखी काढायची, एसएसबीत शिफारस मिळवायची आणि मग मिलिटरी हॉस्पिटलमध्ये कळायचं की रंग ओळखण्यात दोष आहे. हवाई दलाच्या उड्डाण शाखेचं दार तिथेच बंद. नेत्रतज्ज्ञाकडे अर्ध्या तासात कळणारी गोष्ट आहे ही. क्लासची फी भरण्याआधी तपासून घ्या.

पायांचंही तसंच. ओला पाय कोरड्या फरशीवर टेकवा. कमान न दिसता अख्खा तळवा उमटला तर पाय सपाट आहे. पण लगेच हातपाय गाळू नका. चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान परत दिसत असेल, पाय दुखत नसेल आणि चवड्यांवर नीट धावता येत असेल, तर असा पाय चालतो. कानातला मळ, मूळव्याध, हर्निया या गोष्टी आधीच निस्तरता येतात. टॅटू फक्त हाताच्या ठरावीक भागावर चालतो, तेव्हा छातीवर नाव गोंदवायची हौस आवरा. आणि चष्मा घालवण्यासाठी घाईने लेसर करून घेणं हा तर शुद्ध आत्मघात. विशीच्या आत केलेली ही शस्त्रक्रिया चालत नाही आणि एनडीएचं वय साडेसोळा ते साडेएकोणीस.

मेडिकलमध्ये अनफिट ठरलात तरी खेळ संपत नाही. अपील मेडिकल बोर्ड असतं, त्यावर रिव्ह्यू मेडिकल बोर्ड. कारण लेखी घ्या आणि मुदतीत अर्ज करा. घरी बसून रडण्यात मुदत निघून जाते.

फॉर्म भरताना होणाऱ्या चुका साध्या असतात, पण त्या मुळावर येतात. जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच लिहा. दलांचा पसंतीक्रम पूर्ण भरा, जे दल लिहिलं नाही त्यासाठी विचारच होत नाही. नौदल आणि हवाई दलाला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स लागतं. भूदलाला कोणतीही शाखा चालते, हे ऐकून कलाशाखेची मुलं निश्चिंत होतात. पण 300 गुणांचा गणिताचा पेपर त्यांनाही चुकत नाही, द्यावाच लागतो. त्यात चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जातात, म्हणजे अंदाजपंचे गोळे काळे करणं अंगाशी येतं.

एसएसबीत घोकंपट्टी उघडी पडते. पहिल्याच दिवशी एक धूसर चित्र 30 सेकंद दाखवतात आणि त्यावर गोष्ट लिहायला सांगतात. झाडाखाली दोघं बोलत उभे आहेत, एवढंच दिसतं. पाठ करून आलेला मुलगा त्यातही पूर आणतो, गाव बुडवतो आणि नायकाला होडीत बसवतो. मग गटचर्चेत तीच गोष्ट रेटण्यासाठी बाकीच्यांवर आवाज चढवतो. जे दिसलं ते लिहा, नेमकं बोला आणि दुसऱ्याचं ऐकून घ्या. मुलाखतीत आपलंच गाव, आपलाच तालुका, वडिलांचं काम नेमकं काय, हे न सांगता येणारी मुलं संरक्षणमंत्र्यांची नावं मात्र धडाधड सांगतात. पाच दिवसांत सोंग टिकत नाही.

राहिला ‘ड्रॉप’चा प्रश्न. एनडीए वर्षातून दोनदा होते आणि वय आहे तोवर कितीही वेळा देता येते. पण त्यासाठी कॉलेज सोडून बसू नका. पदवीला प्रवेश घ्या, जमलं तर एनसीसी घ्या. एनडीएचं वय उलटलं तरी पदवीनंतर सीडीएस ही अधिकारी भरतीची परीक्षा देता येते. आणि एनसीसीचं ‘सी’ प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत असेल, तर स्पेशल एंट्रीतून लेखी परीक्षेशिवाय एसएसबीला बोलावणं येऊ शकतं.