विश्वास डळमळतो तेव्हा काय करावे

मार्काच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एक बाप आपल्या मुलाला घेऊन येतो. मुलाला लहानपणापासून झटके येत आहेत. शिष्यांच्या हातून काही झालेले नाही, शास्त्री भोवती वाद घालत उभे आहेत, आणि प्रभू येशू समोर आल्यावर त्या थकलेल्या माणसाच्या तोंडून ‘आपल्याला काही करता येत असेल तर’ असेच शब्द निघतात. त्या ‘तर’वर प्रभू बोट ठेवतो, तेव्हा बाप मोठ्याने म्हणतो, “माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.” अविश्वास आधी घरी जाऊन संपवावा आणि मग प्रभूकडे यावे, असे त्याने केले नाही. विश्वास आणि अविश्वास दोन्ही त्याने एकाच वाक्यात प्रभूपुढे ठेवले, आणि त्याचे मन असे दुभंगलेले असतानाच मुलगा बरा झाला. ख्रिस्ती जीवनातील अडथळ्यांविषयी मला जे काही सांगायचे आहे, ते या बापापासून शिकलेले आहे: जो अडथळा असेल तो प्रार्थनेच्या दाराबाहेर ठेवू नये, त्याला सोबत घेऊनच आत जावे.

मात्र त्यासाठी अडथळा कोणता, हे आधी नीट ओळखावे लागते. आपल्या मंडळ्यांमध्ये ‘विश्वास कमी झाला’ हे एकच वाक्य फार निरनिराळ्या दुखण्यांसाठी वापरले जाते. रात्रपाळीने झोप उडालेली परिचारिका, नुकतीच विधवा झालेली बाई, महाविद्यालयात पृथ्वीचे वय शिकून गोंधळलेला मुलगा आणि मंडळीच्या भांडणात दुखावलेला वडीलजन हे सगळे तेच वाक्य बोलतात, आणि सगळ्यांना उत्तरही एकच मिळते की अधिक प्रार्थना करा, उपास करा. दुखणे न ओळखता दिलेल्या या सल्ल्याने पुष्कळदा आधीच्या ओझ्यावर अपराधीपणाचे आणखी एक ओझे चढते. म्हणून पहिले काम असे करावे: एक वही घ्यावी, तारीख घालावी आणि भक्तीची ठरावीक भाषा बाजूला ठेवून आपली अडचण एका वाक्यात लिहावी. ‘आईच्या दफनविधीनंतर मला गीत गाता येत नाही.’ ‘मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीच्या निवडणुकीत जे झाले, त्यानंतर मला प्रभुभोजनाला जाववत नाही.’ त्याखाली ही स्थिती केव्हापासून आहे आणि तिच्या आधीच्या महिन्यात काय घडले होते, तेही लिहावे. वाक्य लिहायला दोन दिवस लागले तरी चालतील, पण ते खरे असावे.

लिहिताना कधी कधी लक्षात येते की अडचण आत्म्याची नसून शरीराची आहे. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली पडून मरण मागत होता, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. देवदूताने त्याला दोनदा उठवले, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिले, मधल्या वेळेत झोपू दिले. होरेब डोंगरावरील मंद वाणी त्यानंतर चाळीस दिवसांनी आली. ज्याची झोप आणि जेवण बिघडले आहे, ज्याला आठवडेच्या आठवडे कशातच रस वाटत नाही, त्याने डॉक्टरांकडे जावे आणि मानसोपचाराची गरज असल्यास तोही संकोच न करता घ्यावा. औषध घेणे म्हणजे विश्वास कमी असणे, असे सांगणाऱ्यांचे ऐकू नये.

उत्तर न मिळालेली प्रार्थना हा सर्वांत जड अडथळा, आणि त्यावर मी थोडे अधिक बोलणार आहे. माझे वडील शेवटच्या आजारात होते तेव्हा आम्ही घरचे सगळे रात्रंदिवस प्रार्थना करत होतो. ते गेले. भेटायला आलेल्या एका भल्या माणसाने मला सांगितले की कुठेतरी विश्वास कमी पडला असेल. त्या वाक्यातून बाहेर यायला मला कित्येक महिने लागले. त्याच दिवसांत शेजारच्या एक वृद्ध काकू रोज संध्याकाळी भाकरी आणि पिठले घेऊन येत, अर्धा तास बसत आणि फारसे काही न बोलता जात. पवित्र शास्त्रात संकटांनी घेरलेल्या ईयोबाचे मित्रही सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले होते, आणि त्या सात दिवसांत त्यांनी जे केले तेच योग्य होते. तोंड उघडल्यावर त्यांचे चुकले.

विश्वास पुरेसा असला की प्रार्थनेचे उत्तर हवे तसे मिळते, हा हिशेब पवित्र शास्त्रात टिकत नाही. पौलाने आपल्या देहातील काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि काटा तसाच राहिला. त्याला मिळाले ते कृपेचे आश्वासन. गेथशेमाने बागेत स्वतः प्रभूनेही तीनदा प्रार्थना केली, आणि तो दुःखाचा प्याला टळला नाही. ज्याच्या घरी असे घडले आहे त्याने स्वतःला अविश्वासू समजू नये. तो ज्यांच्या सोबत उभा आहे ती माणसे लहान नाहीत.

अशा काळात शब्द सुचत नसतील तर ते उसने घ्यावेत, आणि त्यासाठी स्तोत्रसंहिता आहे. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो. अवघ्या सहा वचनांचे हे स्तोत्र पाठ करून ठेवावे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र त्याहून कठीण आहे, कारण ते अंधारातच संपते, शेवटी स्तुतीचा एकही शब्द येत नाही. तरीही ते देवाला उद्देशून म्हटलेले आहे आणि उपासनेच्या संग्रहात मानाने ठेवलेले आहे. सकाळी यांपैकी एक स्तोत्र मोठ्याने वाचावे, वाचून झाल्यावर मनात काही उमटले नाही तरी उठावे आणि कामाला लागावे. मदर तेरेसांना प्रार्थनेतला कोरडेपणा कित्येक दशके सोसावा लागला, हे त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झालेल्या पत्रांतून जगाला कळले. त्या सर्व काळात त्यांची सकाळची प्रार्थना आणि कोलकात्यातील सेवा चालूच होती. भावना परत येईपर्यंत भक्तीचा दिनक्रम थांबवू नये, आणि भावना आली असल्याचे सोंगही आणू नये. साक्ष देण्याची पाळी आली तर ‘या आठवड्यात माझ्याजवळ साक्ष नाही, माझ्यासाठी प्रार्थना करा’ एवढे म्हणणे पुरेसे आहे.

बुद्धीला पडलेल्या प्रश्नांचे दुखणे वेगळे असते, आणि त्यावर आपल्याकडे पंडिता रमाबाईंसारखे दुसरे उदाहरण नाही. आईवडील दुष्काळाच्या दिवसांत गेले, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती गेले, आणि १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे लहानग्या मुलीसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्मा झाला म्हणून त्यांचे प्रश्न संपले नाहीत. त्रैक्याविषयी (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हा एकच देव, या शिकवणीविषयी), मतांगिकारांविषयी (श्रद्धेच्या ठरावीक कबुलीवचनांविषयी), चर्चच्या अधिकाराविषयी त्यांनी आपल्या गुरुजनांशी पत्रांतून मोकळेपणाने वाद घातला, आणि जे पटले नाही त्याला केवळ वडीलधाऱ्यांच्या शब्दाखातर होकार दिला नाही. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला जाणवले की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले. या जाणिवेनंतरची त्यांची तीस वर्षे पाहावीत: केडगावचे मुक्ती मिशन, दुष्काळातून आणलेल्या शेकडो स्त्रिया आणि मुली, आणि हिब्रू व ग्रीक शिकून मूळ भाषांतून केलेले संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर. १९२१ मध्ये त्यांची एकुलती मुलगी मनोरमा वारली, तरी भाषांतराचे काम त्यांनी १९२२ मधील स्वतःच्या मृत्यूपूर्वी पुरे केले.

रमाबाईंच्या उदाहरणावरून प्रश्न पडलेल्याने तीन गोष्टी कराव्यात असे मला वाटते. प्रश्न नेमका लिहावा. ‘बायबल खरे आहे का’ हा प्रश्न इतका मोठा आहे की त्याला हात घालता येत नाही, परंतु ‘उत्पत्तीचा पहिला अध्याय कोणत्या प्रकारचे लेखन आहे’ या प्रश्नाचा अभ्यास करता येतो. प्रश्न अशा माणसाकडे न्यावा जो रागावणार नाही आणि ज्याचे वाचन आपल्याहून अधिक आहे. पाळकसाहेबांना वेळ नसेल तर ईश्वरविज्ञान शिकलेली एखादी शिक्षिका किंवा निवृत्त पाळक शोधावेत. आणि उत्तर मिळेपर्यंत जे कळले आहे त्याप्रमाणे वागत राहावे. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा कळण्यासाठी त्रैक्याचा उलगडा व्हावा लागत नाही. तुरुंगातून बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने ‘जो येणार आहे तो आपणच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी’ असे विचारायला पाठवले, तेव्हा प्रभूने त्याला दोष दिला नाही. जे पाहता आणि ऐकता ते जाऊन सांगा, असे उत्तर दिले आणि लगेच लोकांपुढे त्याची थोरवी वर्णन केली. शंका विचारणाऱ्याला प्रभूने कसे वागवले, हे आपल्या तरुणांना एवढ्या तपशिलाने कोणी सांगितले तर कितीतरी जण मंडळी न सोडता थांबतील.

मंडळीमुळे झालेली जखम हा अडथळा मला सर्वांत अधिक दुःख देतो, कारण तो आपणच निर्माण केलेला असतो. मिशनच्या मालमत्तेवरून चाललेले खटले, पदांसाठीची गटबाजी आणि त्याहून वाईट म्हणजे बाप्तिस्म्यानंतरही सोयरीक जुळवताना विचारली जाणारी जात. अशा मंडळीत ज्याचा अपमान झाला आहे, त्याला ‘माणसांकडे पाहू नका, ख्रिस्ताकडे पाहा’ असे सांगितले जाते. हे वाक्य चुकीचे नाही, परंतु ते दुखावणाऱ्याच्या बाजूने बोलले जाते तेव्हा अन्याय झाकण्याचे साधन होते. ज्याच्यावर अन्याय झाला आहे त्याने मत्तयाच्या अठराव्या अध्यायात सांगितलेली रीत धरावी: आधी त्या माणसाशी एकांतात बोलावे, त्याने न ऐकल्यास एक-दोन साक्षीदारांना घेऊन जावे, मग मंडळीला सांगावे. अत्याचाराची किंवा गुन्ह्याची बाब असेल तर मात्र एकांतात भेटण्याची सक्ती कोणावरही करू नये. तेथे पोलीस आणि कायदा आहेत, आणि त्यांच्याकडे जाणे हे पाप नव्हे.

आणि ख्रिस्त व मंडळीची व्यवस्था या दोन गोष्टी एकच आहेत असे समजून दोन्ही एकदम टाकू नयेत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, वर्षानुवर्षे अमेरिकन मिशनमध्ये सेवा केली, आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ उभारला. परकीय साच्यातील ख्रिस्ती जीवनाविषयी त्यांचा असंतोष खोल होता. त्या असंतोषातून ते ख्रिस्तापासून दूर गेले नाहीत, उलट ख्रिस्ताला मराठी अभंगात अधिक जवळ आणत गेले. आज ज्याला आपल्या मंडळीत बसवत नाही, त्याने काही काळ दुसऱ्या मंडळीत बसावे, दोन-तीन घरांची प्रार्थनासभा धरावी, पण एकटे राहू नये.

लपवलेल्या पापाविषयी थोडक्यातच सांगतो. बत्तिसाव्या स्तोत्रात म्हटल्याप्रमाणे गप्प राहिल्याने हाडे झिजतात. विश्वसनीय अशा एका व्यक्तीजवळ स्पष्ट शब्दांत कबुली द्यावी, कॅथलिक असल्यास धर्मगुरूंकडे जावे, आणि ज्याचे नुकसान केले त्याची भरपाई करावी. पैसे परत केल्यावाचून प्रार्थनेत मोकळे वाटेल अशी अपेक्षा ठेवू नये.

घरातील एकच माणूस विश्वासात आला असेल तेथे अडथळा दोन्ही बाजूंनी असतो. टिळकांच्या बाप्तिस्म्याने त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा संसार मोडला. त्यानंतरची काही वर्षे त्या पतीपासून दूर, नातेवाइकांकडे राहिल्या. पुढे त्या पतीकडे परतल्या तेव्हाही सोवळेओवळे पाळतच राहिल्या. जातिभेद देवाने नव्हे तर माणसाने निर्माण केला आहे, हे त्यांना त्यांच्याच विचाराने उमगले आणि मग १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्याचा जोडीदार किंवा आईवडील विश्वासात नाहीत, त्याने ही वर्षे मोजून पाहावीत. घरच्या सणाला कोणत्या गोष्टी करता येतील आणि कोणत्या नाहीत, हे शांतपणे आधीच सांगून ठेवावे, घरातील कामात आणि आजारपणात कोणाहून कमी पडू नये, आणि घाई करू नये.

वहीतले पहिले वाक्य तीन महिन्यांनी पुन्हा वाचावे. तीच अडचण तशीच उभी असेल तर तारीख घालून तेवढेच लिहावे. बदलली असेल तर काय बदलले ते लिहावे. आसाफाचे त्र्याहत्तरावे स्तोत्र अठ्ठावीस वचनांचे आहे, आणि त्यातील वळण सतराव्या वचनात, तो देवाच्या पवित्रस्थानात गेल्यावर येते. आधीची सोळा वचने दुर्जनांचे सुख पाहून होणाऱ्या जळफळाटाने व्यापलेली आहेत, आणि तीही खोडलेली नाहीत.

हे सर्व ज्याचा विश्वास डळमळला आहे त्याच्यासाठी झाले. ज्याच्या ओळखीत असा कोणी आहे त्याने योहानाच्या विसाव्या अध्यायात थोमाकडे पाहावे. इतरांनी प्रभूला पाहिले होते, त्याने पाहिले नव्हते, आणि व्रण पाहून त्यांत बोट घातल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही असे त्याने त्यांच्या तोंडावर सांगितले होते. आठ दिवसांनी प्रभू आला तेव्हा थोमा त्याच घरात, त्यांच्यासोबत होता. मधल्या दिवसांत त्याला कोणी बाहेर काढले नव्हते. तेव्हा जो माणूस काही रविवारांपासून उपासनेत दिसत नाही त्याच्या घरी या आठवड्यात जावे, गैरहजेरीचा विषय काढू नये, चहा घ्यावा, त्याचे ऐकावे, आणि निघताना पुढच्या वेळी केव्हा येऊ ते विचारून यावे.