जुन्या गाडीचे पार्ट धुवायला बसायच्या आधी

पहिली गोष्ट चुंबक. हसू नका, ब्रश, डिझेल, केमिकल सगळं नंतर, आधी एक ताकदीचं चुंबक खिशात पाहिजे, कारण लोखंडाला जे चालतंय ते ॲल्युमिनियमला चालत नाही आणि इतक्या वर्षांच्या ग्रीसखाली दोन्ही सारखेच काळेकुट्ट दिसतात. मी माझ्या प्रीमियर पद्मिनी गाडीचं काम काढलं तेव्हा कॉस्टिक सोड्याच्या बादलीत लोखंडी ब्रॅकेटांबरोबर ॲल्युमिनियमचं एक कव्हर पण टाकलं, फसफसून फेस यायला लागला तर मला वाटलं काय भारी साफ होतंय, बाहेर काढलं तर काळं पडलेलं आणि गास्केट बसायची जागाच खाल्लेली. आता पद्मिनीत ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, कार्ब्युरेटरची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची, म्हणजे एकाच इंजिनात तीन जाती. म्हणून भाजीवाल्याकडचे तीन क्रेट मागून आणा. चुंबक चिकटलं ते एकात, नाही चिकटलं ते दुसऱ्यात, आणि स्प्रिंगा, कनेक्टिंग रॉडचे बोल्ट, बेअरिंग असलं नाजूक प्रकरण तिसऱ्यात. खोलताना मोबाईलवर फोटो काढून ठेवा, नटबोल्ट झिपच्या पिशवीत, वर मार्करने नाव. "लक्षात राहतंय की" म्हणणाऱ्याचे चार बोल्ट शेवटी उरतातच.

मग ग्रीस. ग्रीस निघाल्याशिवाय गंजाचं कुठलंच औषध आत शिरत नाही. लाकडी फळीने नाहीतर प्लास्टिकच्या पट्टीने जाड थर खरवडायचा, डिझेलमध्ये रात्रभर भिजवायचं, सकाळी ब्रश, शेवटी गरम पाणी आणि भांड्याचं लिक्विड. पेट्रोल नको, त्याची वाफ जमिनीलगत पसरत जाते आणि पलीकडे कोण शेगडी पेटवतंय तुम्हाला काय माहीत. ब्रेक ड्रमला कंप्रेसरची हवा मारायची सवय असेल तर ती मोडा, जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ते फुफ्फुसाला घातक, ती धूळ ओल्या फडक्यानेच पुसायची. ब्रेक क्लीनर मारलेल्या पार्टाला लगेच वेल्डिंग लावू नका, क्लोरीनवाला असला तर विषारी गॅस होतो.

गंज काढायला घरी जमेल असं म्हणजे करंट. प्लास्टिकचा टब, चार-पाच लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, बारा व्होल्टचा जुना साधा चार्जर (नवीन स्मार्टवाले बॅटरी दिसल्याशिवाय चालूच होत नाहीत), निगेटिव्ह पार्टाला आणि पॉझिटिव्ह भंगारातल्या लोखंडी पट्टीला. उलटं लावलं तर पार्टच झिजतो. स्टीलची पळी पट्टी म्हणून वापरू नका, त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरून विषारी होतंय, आणि मीठ पण टाकायचं नाही. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, तेव्हा हे उघड्यावर, आणि बिडी-सिगरेट लांब. याच हायड्रोजनने कडक पोलाद ठिसूळ होतंय, म्हणून तो तिसरा क्रेट, त्यातल्याला फक्त डिझेल आणि हाताने ब्रश.

दुसरी पद्धत आपल्या कोल्हापूर भागाला शोभणारी, मळी, म्हणजे साखर काढल्यावर उरणारा काळा पाक. साखर कारखान्यातून कॅन भरून आणायला जाऊ नका, त्यावर एक्साइज खात्याचं नियंत्रण असतंय, जनावरांच्या खाद्यासाठी मिळते तेवढी थोडी पुरते. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, पत्र्याचे पार्ट आणि ब्रॅकेट पूर्ण बुडवून एक ते तीन आठवडे विसरून जायचं. चांगलं लोखंड शाबूत राहतंय, गंज सुटतोय. ॲल्युमिनियम आणि जस्त मात्र यात पण नको. झाकण पाहिजे, वास असा मारतोय की घरातले तुम्हाला पण बाहेर काढतील. घाई असेल त्यांना लिंबूसत्व, लिटरला पन्नास ग्रॅम, पण तासातासाला बघत बसायचं आणि नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवायचं.

शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीवाला (ओतकाम करणारा) मित्र असेल तर तो म्हणणार, दे इकडं, शॉट ब्लास्ट करून देतो, म्हणजे पोलादी छर्रे मारून साफ. चेसिसचे जाड ब्रॅकेट द्या की खुशाल. दरवाजाचा पत्रा देऊ नका, वाकडा होऊन येईल, आणि मशीनवर अचूक मापात घासलेला कुठलाच पार्ट नको. ब्लॉक द्यायचाच झाला तर ऑईलची सगळी भोकं बुचं मारून, तरी परत आल्यावर प्रत्येक भोकातनं ब्रश फिरवायचा, एक दाणा राहिला तरी बेअरिंग गेलं समजा. कार्ब्युरेटर अल्ट्रासॉनिक मशीनने धुणाऱ्याकडे, त्याच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, तार घालायची नाही.

गॉगल, रबरी हातमोजे, मास्क हे तर आहेच, ग्राइंडरवरच्या वायर कपच्या तारा डोळ्यात उडतात.

आणि प्रायमर आधीच आणून ठेवा. जुलैत कोल्हापुरात धुतलेलं लोखंड तुम्ही चहा पिऊन येईपर्यंत परत तांबूस होतंय, तेव्हा धुतलं की लगेच हेअर ड्रायरने सुकवायचं आणि त्याच दिवशी प्रायमर, नाहीतर ऑईलचा हात. ड्रायर कुणाचा ते आधी विचारून घ्या.