डिमेन्शियासाठी केअर सेंटर निवडताना: दिवेलागणीला जाऊन बघा

केंद्र दाखवायला बहुतेक ठिकाणी सकाळी अकराची वेळ देतात. तोवर अंघोळी उरकलेल्या असतात, फरशी चकचकीत असते. ही भेट जरूर घ्या, पण निर्णय दुसऱ्या भेटीनंतर करा. ती न कळवता, संध्याकाळी साडेसहा ते आठच्या मध्ये. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्या अनेकांची घालमेल दिवेलागणीला वाढते, आणि नेमकी त्याच सुमारास ड्यूटी बदलते, ताटं वाढली जातात. "मला घरी जायचंय" म्हणणाऱ्या आजींना मावशी काय उत्तर देतात ते ऐका. "हेच तुमचं घर" असं दहादा बजावलं की घालमेलीचा संताप होतो. "घरी कोण कोण असतं?" असं विचारत, हात धरून चार फेऱ्या मारणारी मावशी दिसली तर त्या केंद्राला निम्मे गुण आधीच देऊन टाका.

मग जेवणाच्या टेबलाजवळ अर्धा तास थांबा. भरवावं लागणाऱ्या माणसाला पोटभर जेवायला अर्धा-पाऊण तास सहज लागतो. एकच मावशी चौघांना आळीपाळीने घास देत असेल तर कोणीतरी उपाशी राहणार. भरवणाऱ्याने बसून, समोरून, लहान चमच्याने भरवावं आणि आधीचा घास गिळल्याशिवाय पुढचा देऊ नये. पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली. जेवण झाल्यावर अर्धा तास तरी आडवं करू नये. मान मागे टाकून किंवा निजवून भरवलं तर अन्न श्वासनलिकेत उतरतं आणि त्यातून न्युमोनिया होतो. सगळ्यांनाच सरसकट मिक्सरमधला लगदा दिला जात असेल, तर ती स्टाफची सोय आहे, रुग्णाची नव्हे. कवळी तोंडात आहे की कपाटात, हेही बघा.

"आमच्याकडे २४ तास स्टाफ असतो" हे उत्तर नव्हेच. रात्री दोन वाजता किती जण जागे असतात, ते किती रुग्णांमागे, आणि त्यात नर्स किती, असं विचारा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते आणि ते दोघांचं काम आहे. एकटी मावशी माणसाला ओढून वळवते, त्या घासण्याने कातडी सुटते. एअर मॅट्रेस असली तरी कूस बदलणं चुकत नाही.

दाखल केल्यावर दर भेटीत माकडहाड, नितंब आणि टाचा स्वतः पाहा. लाल डाग बोटाने दाबल्यावर फिका पडत नसेल तर बेडसोर (एकाच जागी दाब राहून होणारी जखम) सुरू झाला आहे. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून हात लावून जागा गरम, कडक किंवा मऊ पडली आहे का ते बघा. मनगटांवर वळ आहेत का, तेही. ओढणीने खुर्चीला बांधणं "पडू नये म्हणून" असं सांगितलं जातं. पण बांधलेला माणूस सुटायला धडपडतो, खुर्चीसकट पडतो, आणि सोडल्यावर पायांत बळ उरलेलं नसतं.

वजन महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, वहीत. ५० किलोच्या माणसाचं महिन्यात अडीच किलो घटलं, तर डॉक्टरांना बोलवायला सांगा.

औषधांचा तक्ता दर महिन्याला मागा, आणि क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल ही नावं शोधा. ही मानसिक आजारांवरची औषधं आहेत, रुग्ण शांत राहावा म्हणूनही दिली जातात. डिमेन्शियात या औषधांनी पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. कधी कधी ती लागतातही, पण कशासाठी, किती दिवस आणि पुन्हा तपासणी कधी, हे लिहिलेलं हवं. लेवी बॉडी प्रकारच्या डिमेन्शियात हॅलोपेरिडॉल फार घातक ठरू शकतं. निदान तसं असेल तर फाईलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून द्या. आणि एक-दोन दिवसांत एकाएकी भ्रम, आरडाओरडा किंवा सुस्ती आली तर "आजार वाढला" हे ऐकून घेऊ नका. आधी लघवीची तपासणी, शौचाला कधी झालं, पाणी किती गेलं, कुठे दुखतंय का, नवीन गोळी सुरू झाली का, हे बघायला लावा. बद्धकोष्ठावर झोपेची गोळी मिळाली की पोट आणि भ्रम, दोन्ही बिघडतं.

शेवटी एक पान तुम्ही लिहून द्यायचं. हाक कशी मारायची (आजी, बाई, काका, सर), चहात साखर किती, उपवास कोणता, अंघोळ सकाळी की संध्याकाळी, शौचाची सवय, पूर्वी नोकरी कसली, भीती कशाची. मातृभाषा मालवणी किंवा कोकणी असेल तर "पाणी", "दुखतंय", "शौचाला जायचंय" यांसाठी घरात वापरायचे दहा-बारा शब्द देवनागरीत लिहा, कारण नंतर शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी विसरते. ते पान फाईलमध्ये गाडू नका. पलंगाशेजारच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवा आणि नवीन मावशी आली की तिला वाचून दाखवा.