नवख्या वैमानिकाचे लांब पल्ल्याचे उड्डाण : हवामानाचा निर्णय कसा घ्यावा

खाजगी वैमानिकाचा परवाना मिळाल्यानंतर जाणवणारा सर्वांत मोठा बदल म्हणजे, ‘आज उड्डाण नको’ असे सांगणारा प्रशिक्षक आता शेजारी नसतो. त्यामुळे अंदाज उघडण्याआधीच स्वतःच्या मर्यादा कागदावर लिहून काढाव्यात, कारण अंदाज पाहून झाल्यावर ठरवलेली मर्यादा नेमकी त्या दिवसाच्या हवामानात बसेल अशीच ठरते. नियंत्रित हवाई क्षेत्रात 10,000 फुटांखाली दृश्य उड्डाणासाठी (बाहेरचे पाहून केलेल्या उड्डाणासाठी) आंतरराष्ट्रीय नियमांनुसार साधारणपणे 5 किलोमीटर दृश्यमानता आणि ढगांपासून उभे 1,000 फूट व आडवे 1,500 मीटर अंतर लागते. ही कायद्याची किमान अट आहे आणि नवख्याने तिच्या जवळपासही जाऊ नये. माझ्या मते पहिल्या काही प्रवासांसाठी 10 किलोमीटर दृश्यमानता आणि मार्गावरील सर्वांत उंच भूभागापासून 3,000 फूट वर ढगांचा तळ, ही सुरुवातीची मर्यादा योग्य आहे.

मेटार (विमानतळावरील सध्याच्या हवामानाचा अहवाल) आणि टॅफ (विमानतळाच्या हवामानाचा अंदाज) वाचता येणे वेगळे आणि त्यांतून मार्गावरचे हवामान ओळखणे वेगळे. मेटारमधील ढगांची उंची विमानतळाच्या पातळीपासून मोजलेली असते, तर नकाशावरील डोंगरांची उंची समुद्रसपाटीपासून. समजा विमानतळ 500 फुटांवर आहे आणि ढगांचा तळ 2,500 फूट असल्याचे कळवले आहे, म्हणजे तो समुद्रसपाटीपासून 3,000 फुटांवर आहे. वाटेत 2,800 फुटांचा डोंगर असेल, तर त्याच्या माथ्यावर केवळ 200 फूट मोकळी हवा उरते. ढगांपासून 1,000 फूट खाली राहायचे म्हटले तर विमान माथ्याच्या 800 फूट खाली येते. दोन्ही टोकांचे अहवाल समाधानकारक असूनही हा मार्ग बंदच आहे. टॅफचा अंदाजही विमानतळाभोवतीच्या सुमारे 8 किलोमीटरपुरताच असतो, म्हणून मार्गाच्या दोन्ही बाजूंच्या सर्व केंद्रांचे अहवाल, क्षेत्रीय अंदाज, सिग्मेट (धोकादायक हवामानाचे इशारे) आणि उपग्रह व रडार चित्रे एकत्र ठेवून पाहावीत. टॅफमध्ये ‘टेम्पो’ म्हणून दिलेले बिघाड तात्पुरते असतात हे खरे, पण आपण पोहोचू ती वेळ नेमकी त्याच तासात पडू शकते. नवख्याने ते पूर्ण वेळ असणारच असे धरून चालावे.

तापमान आणि दवबिंदू यांच्यातील फरकाकडे विशेष लक्ष द्यावे. दुपारच्या कापशी ढगांचा तळ दर अंश सेल्सिअस फरकामागे सुमारे 400 फूट धरता येतो. तापमान 30 आणि दवबिंदू 22 असेल तर तो अंदाजे 3,200 फुटांवर येतो. निरभ्र, शांत संध्याकाळी हाच फरक दोन अंशांपर्यंत उतरू लागला, की रात्री किंवा पहाटे धुके पडण्याची शक्यता गृहीत धरावी.

वाऱ्याचा हिशेब आकड्यांतच करावा. धावपट्टीशी 30 अंशांचा कोन करणाऱ्या 18 नॉट (ताशी सागरी मैल) वाऱ्याचा आडवा घटक 9 नॉट असतो, तर 60 अंशांवर तो जवळपास 16 होतो, आणि झोत असतील तर हिशेब झोताच्या वेगाने करावा. समोरचा वारा इंधन खातो : 100 नॉट वेगाच्या विमानाला 150 सागरी मैलांसाठी दीड तास लागतो, पण समोरून 25 नॉट वारा असल्यास पूर्ण दोन तास. उष्ण दिवशी घनता-उंचीही, म्हणजे विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची, मोजावी. प्रमाण दाब असताना 2,000 फुटांवरील विमानतळावर तापमान 35 अंश असेल, तर विमान जवळजवळ 4,900 फुटांवर असल्यासारखे वागते, आणि लांबलेली धाव व मंदावलेली चढाई यांमुळे पलीकडची टेकडी ओलांडणे कठीण होऊ शकते.

उड्डाण सुरू झाल्यावर निर्णय संपत नाही, आणि नवखे वैमानिक अडचणीत येतात ते बहुधा येथेच. इलिनॉय विद्यापीठात 1954 साली केवळ उपकरणे पाहून उड्डाण करण्याचा अनुभव नसलेल्या 20 वैमानिकांना बाहेरचे दृश्य झाकून विमान चालवायला दिले, तेव्हा प्रत्येकाचा ताबा सुटला आणि त्याला सरासरी 178 सेकंद लागले. म्हणून परतण्याच्या खुणा जमिनीवर असतानाच ठरवाव्यात. ढग टाळण्यासाठी नियोजित उंचीवरून एकदा खाली यावे लागले तर वळण्याची तयारी करावी आणि दुसऱ्यांदा यावे लागले तर वळावे. समोरचे क्षितिज पुसट होत असेल, तर मागे अजून स्वच्छ दिसत असतानाच फिरावे. प्रत्येक टप्प्यावर पर्यायी विमानतळ आणि तेथपर्यंतचे इंधन माहीत असावे. तीव्र गडगडाटी ढगांपासून किमान 20 सागरी मैल दूर राहावे. जमिनीवरून कॉकपिटमध्ये पाठवलेले रडार चित्र काही मिनिटे जुने असते, त्यामुळे त्यात दोन वादळांमध्ये दिसणारी फट एव्हाना मिटलेली असू शकते.

पलीकडे कोणी वाट पाहत असेल, तर हवामानामुळे येणे रद्द होऊ शकते असे त्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. ऐन वेळी नकार देणे त्यामुळे बरेच सोपे जाते. परतीच्या प्रवासासाठी सकाळचा अंदाज पुरेसा धरू नये. दुपारी जमीन तापल्यावर ढगांची वाढ, झोत आणि घनता-उंची या तिन्ही गोष्टी बदललेल्या असतात, तेव्हा इंधन भरण्यापूर्वी ताजे अहवाल घेऊन त्याच लिखित मर्यादांवर ते पुन्हा तपासावेत, आणि बसत नसतील तर विमान बांधून ठेवून रात्रीच्या मुक्कामाची सोय करावी.