विकाबद्दल लिहिताय? या चुका टाळा

विका हा विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये पुढे आलेला, जादूविधी करणारा निसर्गपूजक पंथ. त्याच्याबद्दल लिहिताना पहिली चूक शब्दातच होते. ‘विच’ दिसला की आपण ‘चेटकीण’ लिहून मोकळे होतो. आपल्याकडे हा शब्द दुसऱ्याने बाईच्या माथी मारलेला असतो. एखादीवर करणीचा आळ घेऊन तिला छळणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. विकात मात्र स्त्रिया आणि पुरुष हे नाव स्वतःहून घेतात. म्हणून सरळ ‘विच’ लिहावं.

‘विकाचा धर्मग्रंथ कोणता?’ हा प्रश्नही फसवा आहे. इंग्लंडमध्ये जेराल्ड गार्डनर यांनी १९५४ मध्ये या पंथाची जाहीर ओळख करून दिली, तरी त्यांचं पुस्तक म्हणजे वेद किंवा कुराण नव्हे. दीक्षा घेतलेला साधक गुरूची ‘बुक ऑफ शॅडोज’, म्हणजे विधींची वही, हाताने उतरवून घेतो आणि पुढे तिच्यात स्वतःची भर घालतो. त्यामुळे दोन वह्या जुळतीलच असं नाही.

सगळ्यात जास्त घोळ नीतीच्या बाबतीत होतो. ‘कुणाला इजा होत नसेल, तर वाटेल ते कर’ हे इंग्रजीत आठ शब्दांचं वचन, म्हणजे ‘विकन रीड’. गार्डनर यांच्या मंडळात प्रमुख पुजारीण राहिलेल्या डोरीन व्हॅलिएंटी यांनी ते १९६४ मध्ये जाहीरपणे मांडलं. याला ‘विकाची आज्ञा’ म्हणू नका. ‘रीड’ या जुन्या इंग्रजी शब्दाचा अर्थ सल्ला. काहीही केलं तरी कुणाला तरी झळ पोचणारच असेल तर काय करायचं, हे त्यात सांगितलेलं नाही. ते ज्याचं त्याने ठरवायचं. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण इथे जबाबदारी दुसऱ्यावर ढकलता येत नाही.

विकात तिप्पट परतफेडीचा एक नियम सांगितला जातो. ‘तिप्पट परतफेड म्हणजे आपलं कर्मफळच’ असंही सर्रास लिहिलं जातं. गार्डनर यांच्या १९४९ च्या कादंबरीतला दीक्षाप्रसंग बघा. साधकाला चाळीस फटके बसतात, मग तो दीक्षा देणाऱ्याला एकशेवीस मारतो, आणि त्याला सांगितलं जातं की चांगलं मिळालं तर तेही तिपटीने परत करायला तू बांधील आहेस. म्हणजे तिथे फेड माणसाने करायची आहे. केलेलं आपल्यावर तिपटीने उलटतं, हा अर्थ नंतर रूढ झाला, आणि तोही सगळे विकन मानत नाहीत. पुनर्जन्माचा हिशोब तर त्यात नाहीच.

याचा अर्थ ‘तिथे काहीही चालतं’ असाही नव्हे. गार्डनरी परंपरेत दीक्षेच्या तीन पायऱ्या आहेत, गुप्ततेची शपथ आहे, आणि मंडळात, म्हणजे कव्हनमध्ये, प्रमुख पुजारिणीचा शब्द चालतो. पण तो तेवढ्या मंडळापुरताच. १९७४ मध्ये अमेरिकेत मिनियापोलिसला एका परिषदेत ७३ विच जमले आणि त्यांनी १३ समान तत्त्वं ठरवली. ती परिषद लवकरच विसर्जित झाली. ती तत्त्वं ‘सर्व विकनांची’ म्हणून उद्धृत करू नका.

१९५७ चा प्रसंग तर आवर्जून वाचावा असा. गार्डनर प्रसिद्धीच्या मागे लागलेत असं वाटून व्हॅलिएंटी आणि काही सोबत्यांनी मंडळासाठी नियमांचा मसुदा केला. गार्डनर म्हणाले, नियम आधीपासूनच आहेत, आणि त्यांनी ‘जुने कायदे’ पुढे केले. त्यात प्रमुख पुजारिणीने तरुण स्त्रीसाठी जागा सोडावी, असं कलम होतं. व्हॅलिएंटींनी ते मानलं नाही. त्या मंडळ सोडून गेल्या, पण विच म्हणून काम करत राहिल्या. त्यांचं विचपण काढून घेणारं कुठलंही धर्मपीठ तेव्हा नव्हतं, आजही नाही.