विज्ञानावरचा लघुपट: उद्याची मुंबई आठ मिनिटांत कशी उभी करावी

नव्या वैज्ञानिक शोधावर लघुपट करायचा असेल, तर विषय पक्का करण्यापूर्वी तो शोध नेमका कसा काम करतो हे स्वतःच्या शब्दांत अर्ध्या पानात लिहून पाहावे. ते लिहिता येत नसेल, तर पटकथेला हात घालू नये, कारण बातमीच्या मथळ्यावर उभी केलेली कथा दुसऱ्याच प्रसंगात डळमळते. कॅलिफोर्नियातील नॅशनल इग्निशन फॅसिलिटी या लेसर-प्रयोगशाळेत ५ डिसेंबर २०२२ रोजी लेसरच्या २.०५ मेगाज्यूल ऊर्जेतून अणुसंमीलनाची, म्हणजे हलकी अणुकेंद्रके एकत्र जोडून सुटणारी, ३.१५ मेगाज्यूल ऊर्जा मिळाली, एवढेच वाचले की संमीलनाच्या विजेवर उजळलेली मुंबई दाखवण्याचा मोह होतो. परंतु तेच लेसर चालवण्यासाठी सुमारे ३०० मेगाज्यूल वीज खर्ची पडली होती हे कळल्यावर उद्याच्या दिव्यांपेक्षा खर्ची पडलेली वीज आणि मिळालेली ऊर्जा यांमधली दरी हाच कथेचा खरा विषय ठरतो.

मुंबईकराला विषयासाठी दूर जावे लागत नाही. पवईच्या आयआयटीत आणि टाटा स्मारक केंद्रात झालेल्या संशोधनातून घडलेल्या कर्करोगावरच्या भारतीय बनावटीच्या पहिल्या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियामकाची मान्यता मिळाली. त्याचे अर्धे पान साधारण असे होईल: रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, वेगळ्या काढतात, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने त्यांच्यात नवे जनुक घालतात, त्यामुळे या पेशींना बी-पेशी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींवरील सीडी १९ हे प्रथिन ओळखता येऊ लागते, आणि मग त्या प्रयोगशाळेत वाढवून रुग्णाच्या शरीरात परत सोडतात. तिथे त्या कर्करोगग्रस्त बी-पेशी मारतात, पण निरोगी बी-पेशींवरही तेच प्रथिन असल्याने त्याही सापडतात, आणि कधी कधी प्रतिकारशक्ती इतकी खवळते की रुग्णाला तीव्र ताप येतो व रक्तदाब खाली जातो. लेखकाने हे शेवटचे वाक्य जपून ठेवावे, कारण नाट्य तिथे आहे.

भविष्य रचताना एकच गोष्ट गृहीत धरावी आणि बाकीचे जग जसे आहे तसे राहू द्यावे. रक्त बाहेर न काढता शरीराच्या आतच टी-पेशी बदलण्याचे प्रयत्न जगात सध्या सुरू आहेत. ते पूर्ण यशस्वी झाले आणि २०४५ साली बीडच्या जिल्हा रुग्णालयात एका इंजेक्शनवर हे काम होऊ लागले, असे समजू. आता त्याचे परिणाम माणसापर्यंत, घरापर्यंत आणि शेवटी शहरापर्यंत नेत जावे. जमीन विकून मुंबई गाठण्याची वेळ त्या घरावर येणार नाही, आणि आज परळला रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर पिशव्या, स्टोव्ह आणि रिपोर्टांच्या फायली घेऊन राहणारी कुटुंबे तिथे नसतील. माझ्या मते आज डोळ्यांसमोर असलेली एखादी गोष्ट चौकटीतून काढून टाकणे हा भविष्य दाखवण्याचा सर्वांत परिणामकारक मार्ग आहे, आणि त्याला खर्चही लागत नाही. त्याच पदपथाचे आजचे आणि उद्याचे दृश्य एकाच कोनातून घेतले, तर निवेदनाची गरज उरत नाही.

विज्ञान समजावून सांगण्याचे काम दोन शास्त्रज्ञांच्या संवादावर टाकू नये. जे दोघांनाही ठाऊक आहे ते ते एकमेकांना सांगणार नाहीत. त्याऐवजी आजच्या उपचारासाठी संमतिपत्रावर सही घेण्याचा प्रसंग लिहावा. समुपदेशक म्हणते, ‘ताई, या तुमच्या मुलाच्याच पेशी आहेत, बाहेर काढून शिकवून परत सोडायच्या.’ त्यावर आई विचारते, ‘मग परत आत गेल्यावर त्या त्याला वळखतील का, मॅडम?’ या एका प्रश्नात उपचाराचे तत्त्वही आले आणि त्यातला धोकाही आला. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, तेव्हा आठ पानांत असे दोनच प्रसंग पुरतात.

चित्रीकरणात बारकाव्यांना फार महत्त्व आहे. अशा पेशी सहसा द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत गोठवून आणतात. डब्याचे झाकण उघडताच पांढरे धुके वर न जाता कडेवरून खाली ओघळते, कारण थंड हवा जड असते. सेटवर हा परिणाम कोमट पाण्यात ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, टाकून साधावा, मात्र खिडक्या उघड्या ठेवाव्यात, कारण बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड साचून जीव गुदमरू शकतो. पेशींची पिशवी ३७ अंशांच्या पाण्यात वितळवतात आणि सलाइनसारखी लावतात. काम बहुधा अर्ध्या तासाच्या आत उरकते आणि गोठवताना वापरलेल्या रसायनामुळे खोलीत लसणासारखा वास पसरतो. पात्रांना तो वास येऊ द्यावा. प्रयोगशाळेची दृश्ये कृत्रिम बुद्धिमत्तेकडून बनवून घेणे मला योग्य वाटत नाही, कारण ती उपकरणे देखणी दिसतात पण जाणकाराला लगेच खोटी वाटतात.

खऱ्या वॉर्डात रुग्णांसमोर कॅमेरा नेऊ नये. एखाद्या वर्गखोलीत पडदे लावून वॉर्ड सहज उभा राहतो. रस्त्यावरच्या किंवा मेट्रो स्थानकातल्या दृश्यासाठी संबंधित यंत्रणेची लेखी परवानगी आधी घ्यावी. विमानतळ, नौदल आणि ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र यांमुळे मुंबईचे आकाश ड्रोनसाठी बरेचसे बंद आहे, तेव्हा उंचावरचे दृश्य एखाद्या इमारतीच्या गच्चीवरून घ्यावे.

कच्चे संकलन झाल्यावर ते दोन व्यक्तींना वेगवेगळे दाखवावे: एक या विषयाचा अभ्यासक आणि दुसरी विज्ञानाशी संबंध नसलेली. अभ्यासकाच्या शोधात असलेल्यांनी चुनाभट्टीच्या मराठी विज्ञान परिषदेत विचारणा करावी. पहिल्याला चुका विचाराव्यात. दुसरीला काहीही न विचारता पाहिलेली गोष्ट सांगायला लावावी, आणि ती जिथे अडखळेल तिथे नवे संवाद घालण्याऐवजी आधी दृश्यांचा क्रम बदलून पाहावा. त्यानंतर इंग्रजी उपशीर्षके करून १९९० पासून भरणाऱ्या मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासारख्या ठिकाणी प्रवेशिका पाठवावी. हा महोत्सव माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनसाठीच आहे.