नवी नोकरी, चालते घर : सांगलीत नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

नव्या कार्यालयात रुजू झालेला माणूस पहिल्या महिन्यात थकतो, तो बहुधा कामाने नव्हे, कारण काम अजून पुरते त्याच्या हाती आलेलेच नसते. त्याला थकवतात त्या घर आणि कार्यालय यांच्यामध्ये न बोलता राहिलेल्या गोष्टी : धाकट्याला शाळेतून कोण आणणार, वडिलांच्या तपासणीला रजा मिळेल का, सहाच्या ठोक्याला उठलेले साहेबांना चालेल का, पगार नेमका कोणत्या तारखेला जमा होणार. यांतल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर असते. मात्र ते विचारावे लागते, आणि वेळ हातात असतानाच विचारावे लागते. विश्रामबागेतील बँक असो, मार्केट यार्डातील हळदीची पेढी असो, मिरजेतील रुग्णालयाचा बिलिंग विभाग असो की कुपवाड औद्योगिक वसाहतीतील कारखान्याचे कार्यालय असो, घरच्यांना कार्यालयाची आणि कार्यालयाला घरची अडचण आधी सांगून ठेवणारी माणसे लवकर रुळतात, असे मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे.

रुजू होण्याआधी

रुजू होण्याच्या तारखेआधी एकदा, कामाच्याच वारी आणि कामाच्याच वेळी, घरापासून कार्यालयापर्यंत जाऊन पाहावे. रविवारी दुपारी गाडीवरून मारलेल्या फेरीचा उपयोग नाही. मिरज-सांगली रस्त्यावर अंतर फार नाही, परंतु सकाळी नऊ ते दहाच्या दरम्यान शाळा-महाविद्यालयांची गर्दी, रुग्णालयांकडे जाणारी वाहने आणि जागोजागी थांबणारी वडापे (प्रवासी भरून नेणारी खासगी वाहने) यांमुळे हिशेब चुकतो. वडाप भरल्याशिवाय निघत नाही, ही गोष्ट वेळेच्या अंदाजात धरावीच लागते. वेळ मोजायची ती दाराला कडी लावल्यापासून मस्टरवर सही होईपर्यंत. गाडी लावणे आणि जिना चढणे हेही त्यात आले. तासगावकडून येणाऱ्यांनी आणखी एक भान ठेवावे. साखर कारखान्यांचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू झाला की उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे वाहनांची रांग लागते आणि सप्टेंबरात पुरणारी वेळ डिसेंबरात पुरत नाही.

एसटीने येणाऱ्यांनी पासाचा हिशेब मांडून मगच तो काढावा. एसटीचा मासिक पास वीस दिवसांच्या भाड्यात तीस दिवस चालतो, त्यामुळे महिन्यातून पंचवीस दिवस जाणाऱ्या पुरुष कर्मचाऱ्याचा त्यात निश्चित फायदा होतो. महिलांना मात्र मार्च 2023पासून एसटीत निम्म्या तिकिटाची सवलत आहे. पंचवीस दिवसांचे निम्मे तिकीट म्हणजे साडेबारा दिवसांचे भाडे. ज्या गाडीला ही सवलत लागू आहे, तिच्यासाठी महिलांनी पासाची घाई करू नये.

प्रवासाइतकीच, किंबहुना त्याहून महत्त्वाची तयारी घरात करायची असते. एका संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र बसून सकाळी सहापासून रात्री दहापर्यंतची कामे कागदावर उतरवावीत आणि प्रत्येक कामापुढे एक नाव लिहावे : दूध, पाणी भरणे, डबे, शाळेची रिक्षा, आजोबांची गोळी, संध्याकाळची भाजी, गॅसचा नंबर लावणे. "कोणीतरी करेल" असे एकही काम त्या कागदावर राहू नये, कारण ते काम अखेर नव्या नोकरीवर जाणाऱ्याच्याच, आणि ती सून असेल तर हमखास तिच्याच, अंगावर पडते. घरात नोकरी सुनेला लागली की सगळ्यांना आनंद होतो आणि तरीही सकाळचा स्वयंपाक पूर्वीसारखाच तिने एकटीने उरकावा, असे गृहीत धरले जाते. हे मला स्पष्टपणे अन्यायाचे वाटते. मनात धुसफुसत राहण्यापेक्षा पहिल्या सोमवारच्या आधीच सासूबाईंना आदराने, पण नेमके सांगावे : "आत्या, सोमवारपासून मला साडेनऊला टेबलावर हजर राहायचे आहे. भाजी मी रात्रीच चिरून ठेवीन. सकाळच्या चपात्या आपण दोघी मिळून करू, आणि छोट्याचा डबा भरून त्याला रिक्षात बसवायचे काम ह्यांच्याकडे राहील." यात वेळ आली, काम आले आणि माणूसही आला. "जरा मदत करा" एवढेच म्हटले तर कोणालाच काही कळत नाही. नोकरी मुलाला लागली असेल तर त्यानेही हाच कागद मांडावा. नव्या नोकरीच्या कारणाने घरातल्या सगळ्या कामांतून त्याची सुटका होते असे मानण्याचे कारण नाही.

पहिले दिवस

रुजू होताना नेमणूक पत्राची प्रत, शिक्षणाची प्रमाणपत्रे, आधार, पॅन, बँक पासबुकाची झेरॉक्स आणि आधीची नोकरी असल्यास तिथले कार्यमुक्तीचे पत्र एका फाइलमध्ये लावून न्यावे. मूळ कागद दाखवावेत आणि शक्यतो परत घेऊनच यावेत.

माणसांची ओळख हा याहून नाजूक विषय आहे. आपल्याकडे वरिष्ठांना साहेब किंवा मॅडम, बरोबरीच्यांना सर-मॅडम आणि वयाने मोठ्या शिपायांना मामा म्हणण्याची रीत आहे, आणि ती मनापासून पाळावी. शिपाई मामांना कोणती फाइल कुठे असते, कोणत्या साहेबांना किती वाजता भेटावे, मागच्या दाराची किल्ली कोणाकडे असते, हे सारे माहीत असते. त्यांच्याशी नीट वागावे ते उपयोगासाठी नव्हे, ती आपल्या वागणुकीची पद्धतच असावी; उपयोग आपोआप होतो. कार्यालयातील गट-तट पहिल्याच आठवड्यात कानावर येतात. ते ऐकून घ्यावेत, त्यात मत देऊ नये, आणि डबा खायला रोज एकाच टोळक्यात बसण्याचे टाळावे. "आमच्या आधीच्या ऑफिसात असे नव्हते" हे वाक्य निदान दोन महिने तोंडातून निघू देऊ नये, मग ते कितीही खरे असो.

काम शिकण्यासाठी एक साधी दोनशे पानी वही पुरेशी आहे, परंतु ती लिहिण्याची पद्धत असावी. डाव्या पानावर तारीख आणि कोणी सांगितले ते लिहावे. उजव्या पानावर कामाच्या पायऱ्या लिहाव्यात. उदाहरणार्थ, डावीकडे "हेडक्लार्क मॅडम, मंगळवार" आणि उजवीकडे "बिल आले की आधी आवक क्रमांक, मग मागणीपत्राशी पडताळणी, मग मॅडमची सही, मग लेखा विभाग. शुक्रवारी चारनंतर धनादेशावर सही होत नाही." हे शेवटचे वाक्य कोणत्याही छापील नियमावलीत सापडणार नाही आणि तेच सर्वांत जास्त उपयोगी पडते. एखादी गोष्ट दोन माणसांनी दोन प्रकारे सांगितली तर डावे पान कामाला येते, "तुम्हीच असे सांगितले होते" असा वाद न घालता, "मॅडम, यात दोन पद्धती ऐकल्या, आपण कोणती धरायची?" असे विचारता येते.

शंका सुचेल तशी उठून विचारायला जाऊ नये. तासाभराच्या शंका एकत्र लिहून ठेवाव्यात आणि समोरच्याच्या हातातले काम संपले की एकदम विचाराव्यात. मात्र पैसे, सही किंवा रुग्णाच्या कागदाशी संबंध असलेली शंका क्षणभरही अडवून ठेवू नये. तिथे अंदाजाने केलेले काम निस्तरायला संपूर्ण विभागाचा दिवस जातो.

फोनविषयी घरात आणि कार्यालयात एकच नियम सांगून ठेवावा. जेवणाच्या सुटीत आपण घरी स्वतः फोन करू. एरवी घरून आलेला फोन उचलता आला नाही तर काळजी करू नये. आणि खरोखरच तातडी असेल तर लागोपाठ दोनदा फोन करावा, म्हणजे कितीही महत्त्वाच्या बैठकीत असलो तरी परवानगी घेऊन बाहेर येऊ. शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्यालाही घरचा एक नंबर देऊन ठेवावा. कार्यालयाचा व्हॉट्सअॅप ग्रुप रात्री जेवणानंतर एकदा पाहावा आणि उद्याच्या कामाचा निरोप असेल तर त्याला उत्तर द्यावे. शुभेच्छा आणि चित्रफितींना प्रत्येक वेळी दाद देण्याचे बंधन नव्या माणसावरही नसते.

रजा आणि सांगलीचे ऋतू

रजेबाबत नवे कर्मचारी सर्वाधिक गोंधळतात. महाराष्ट्राचा 2017चा दुकाने व आस्थापना कायदा जिथे लागू आहे, तिथे वर्षाला आठ दिवसांची किरकोळ रजा मिळते. परंतु ती तिमाहीनुसार खात्यात जमा होते आणि वर्षअखेर न वापरलेली रजा बुडते. अर्जित रजेचा हक्क वर्षात 240 दिवस काम झाल्यावर, दर वीस दिवसांमागे एक दिवस या हिशेबाने मिळतो. याचा अर्थ असा की पहिल्या काही महिन्यांत हाती फार थोडी रजा असते आणि ती जपूनच वापरावी लागते. बँका, कारखाने आणि सरकारी कार्यालये यांचे नियम वेगळे असल्याने आपल्या आस्थापनेचा रजेचा नियम पहिल्याच आठवड्यात विचारून लिहून घ्यावा.

त्यानंतर भिंतीवरचे कॅलेंडर उतरवून घरच्या ठरलेल्या तारखा त्यावर खुणवाव्यात. गौरी-गणपती, गावची जत्रा, घरातले लग्न, आई-वडिलांची तपासणी आणि जूनच्या मध्यात सुरू होणाऱ्या शाळेचा पहिला दिवस, एवढ्या तारखा तर प्रत्येक घरात असतात. तासगाव, कवठे महांकाळ, मिरज पूर्व भागातून येणाऱ्या अनेकांच्या घरी द्राक्षबाग असते आणि ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत मजूर, पेस्ट लावणे आणि पाठोपाठच्या फवारण्या यांत घरातला एकही माणूस मोकळा नसतो. अशा कर्मचाऱ्याने छाटणीच्या आदल्या दिवशी रजेचा अर्ज दिला तर साहेब चिडणे स्वाभाविक आहे. सप्टेंबरच्या सुरुवातीलाच "साहेब, आमच्या बागेची छाटणी पुढच्या महिन्यात आहे, दोन दिवस लागतील, तारीख पक्की झाली की सांगतो, माझे काम आधी संपवून ठेवीन" असे सांगितले तर बहुतेक वेळा अडचण येत नाही. या जिल्ह्यातील साहेबांच्याही घरी बहुधा शेती असतेच.

पुराचा विषय वेगळा आणि गंभीर आहे. 2005, 2019 आणि 2021 या वर्षांचे महापूर अनुभवलेल्या शहरात जुलै-ऑगस्टमध्ये रुजू होणाऱ्याने त्याची तयारी आधीच करावी. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट धरली जाते, परंतु सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर अशा सखल वस्त्यांत पाणी त्याआधीच शिरू लागते. अशा भागात घर असेल तर रुजू झाल्याच्या पहिल्या पंधरवड्यातच वरिष्ठांना तसे सांगावे, आणि पाणी वाढू लागल्यावर आपण कोणत्या टप्प्याला घर हलवणार, तेव्हा कोणाला कळवणार, आपल्याकडील चाव्या व अपुरे काम कोणाच्या हाती देणार, हेही ठरवून घ्यावे. कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली की त्याच संध्याकाळी टेबलाचा खालचा कप्पा आणि घरातील कागदपत्रे दोन्ही उंचावर ठेवावीत. हे सांगताना संकोच वाटण्याचे कारण नाही. पाण्यात अडकल्यावर केलेल्या फोनपेक्षा आधी दिलेली सूचना कार्यालयालाही सोयीची असते.

पगार आणि त्यापुढे

पहिला पगार जमा झाला की पगारपत्रक मागून घ्यावे आणि ते ओळीओळीने वाचावे. भविष्य निर्वाह निधीसाठी मूळ पगार व महागाई भत्ता यांच्या बारा टक्के कपात होते. आधीच्या नोकरीत यूएएन (या निधीचा, नोकरी बदलली तरी तोच राहणारा खाते क्रमांक) मिळाला असेल तर तोच क्रमांक नव्या कार्यालयाला द्यावा, दुसरा निघू देऊ नये, आणि वारसाची नोंद ऑनलाइन करून टाकावी. एकूण वेतन महिना 21,000 रुपयांपर्यंत असेल आणि आस्थापनेला राज्य कामगार विमा लागू असेल, तर कर्मचाऱ्याचा 0.75 टक्के वाटा कापला जातो. त्याच्या बदल्यात कुटुंबालाही उपचार मिळतात, म्हणून घरातील माणसांची नावे त्यात लावून घ्यावीत. व्यवसाय कर महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये असतो. महिलांना महिना 25,000 रुपयांपर्यंतच्या वेतनावर तो लागत नाही, आणि तरीही कापला गेला असेल तर लेखा विभागाला शांतपणे दाखवून द्यावे. वर्षाच्या मध्ये नोकरी बदललेल्यांनी आधीच्या पगाराचा व कापलेल्या कराचा तपशील नव्या कार्यालयात द्यावा, नाहीतर विवरणपत्र भरताना कराची मोठी रक्कम एकदम भरावी लागते. पहिल्या पगाराच्या भरवशावर दुचाकीचा किंवा मोबाइलचा हप्ता लावून घेऊ नये. निदान तीन पगार वेळेवर होऊ द्यावेत.

तीन महिने होत आले की साहेबांकडे दहा मिनिटे वेळ मागावी आणि वही घेऊन जावे. "माझे कोणते काम नीट चालले आहे, कोणत्या कामाला अजून उशीर होतो आणि पुढे काय शिकावे?" एवढेच विचारावे, आणि उत्तर बचाव न करता लिहून घ्यावे. घरीही त्याच आठवड्यात तो कामांचा कागद पुन्हा काढावा. पावसाळ्यात ठरलेली वाटणी उसाच्या हंगामात टिकत नाही. नावे खोडून नवी लिहावी लागतात. परिविक्षा काळ (प्रोबेशन) संपल्यावर कायम केल्याचे पत्र आपणहून मिळाले नाही तर लेखी अर्ज करून ते मागावे, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा आणि ती प्रत नेमणूक पत्राच्याच फाइलला लावून ठेवावी.